पाटी तेवढीच, हात मात्र बसतो

खळ्यावरचं धान्य काट्याऐवजी पायलीने मोजलं जायचं, त्या काळी मापारी आकडा मोठ्याने म्हणत असे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. दुसरी पायली ओतली की ‘दोन, दोन, दोन, दोन’ असा घोष सुरू व्हायचा आणि तिसरी पायली भरून रिकामी होईपर्यंत तो थांबत नसे. मग ‘तीन, तीन, तीन’. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, ज्वारीच्या खळ्यावर वाढलेल्या जुन्या माणसांना ही लय सांगावी लागत नाही. ‘लाभ’ हा शकुन होता, पण पुढची पुनरावृत्ती ही स्मरणाची पक्की युक्ती होती. मापाऱ्याचे हात धान्यात, डोळे मापाच्या काठावर, भोवती चार माणसं पावसापाण्याचं बोलत बसलेली. अशा गलक्यात आकडा निसटू द्यायचा नसेल तर तो जिभेवर फिरता ठेवायला हवा. मोजणी चालू असताना मापाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, हा खळ्याचा शिष्टाचार त्यातूनच आला.

मापारी जे करत होता त्याची मानसशास्त्राने नीट मांडणी केली ती 1974 साली. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश संशोधकांनी असं मांडलं की काम करताना माणूस जी माहिती क्षणभर धरून ठेवतो आणि धरता धरता तिच्यावर प्रक्रियाही करतो, त्यासाठी मनात एक वेगळी व्यवस्था आहे. तिला आपण कार्यस्मृती म्हणू. तिच्यात ऐकलेलं-बोललेलं जिभेवर फिरवत ठेवणारा एक भाग, पाहिलेलं चित्ररूपाने धरणारा दुसरा भाग, आणि लक्ष कशावर द्यायचं, काय सोडायचं हे ठरवणारा तिसरा, म्हणजे या दोघांचा कारभारी. पुढे 2000 मध्ये बॅडलींनी चौथा भाग जोडला, पण आपल्या कामाला हे तीन पुरेत. यातला पहिला भाग म्हणजेच मापाऱ्याचं ‘दोन, दोन, दोन’. त्याची मर्यादाही चांगलीच अभ्यासली गेली आहे: साधारण दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येतं, तेवढंच तो भाग टिकवून धरतो. दुसरंच काही बोलायला लावलं की धरलेलं विरून जातं. प्रयोगशाळेत लोकांना एखादा निरर्थक शब्द सतत म्हणायला लावून हे तपासतात. खळ्यावर ते कुणीही गप्पिष्ट पाहुणा करून दाखवू शकत होता.

ही व्यवस्था म्हणजे लहान मुलाच्या हातातली पाटी. मोठी नाही, लिहिलेलं पुसलं जातं, आणि नवं लिहायचं तर जुनं पुसावंच लागतं. किती लहान? जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सातचा आकडा सांगितला, दोन इकडे दोन तिकडे. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये बारकाईने हिशेब मांडून तो चारच्या आसपास आणला. सात आकडे लक्षात राहतात कारण आपण ते दोन-तीनचे गट करून धरतो. गट करू दिले नाहीत तर चारच घटक उरतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. शेगावला ‘गजानन विजय’चे एकवीसही अध्याय मुखोद्गत असलेले लोक भेटतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातले मानपान तारीखवार सांगणाऱ्या आज्या प्रत्येक गावात आहेत. ही स्मरणशक्ती थोर आहे, पण ती पाटी नव्हे. ती दीर्घकालीन स्मृती, आणि तिला मर्यादा असल्याचं आजवर कुणाला दिसलेलं नाही. हे दोन साठे वेगळे आहेत, आणि एकाचा दुसऱ्याला काय उपयोग होतो हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

रोजच्या विचारात ही पाटी कुठे लागते ते पाहू. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. या कापसासाठीच 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवारांत सोयाबीनची रास लागते. समजा हर्रासात भाव 4,300 रुपये निघाला आणि काट्यावर माल भरला 12 क्विंटल 75 किलो. रक्कम किती? शाळेच्या पद्धतीने डोक्यात करायला जा. 4,300 गुणिले 12 म्हणजे 51,600, हे धरून ठेवा. 75 किलोचे किती? 4,300 भागिले 100, गुणिले 75. इथवर येता येता पहिला आकडा डोक्यातून गेलेला असतो. जुना अडत्या किंवा जुना शेतकरी काय करतो? 12 क्विंटल 75 किलो म्हणजे पावणेतेरा. तेरा त्रेचाळीस पाचशे एकोणसाठ, म्हणजे 55,900. त्यातून 4,300 चा पाव गेला, 1,075. राहिले 54,825. त्याची पाटी आपल्यापेक्षा मोठी नाही. त्याला पाटीवर कमी लिहावं लागतं, एवढंच. ‘पावणेतेरा’ आणि ‘तेराचा पाढा’ या गोष्टी तो पाटीवर मांडतच नाही, त्या आतल्या कोठारातून आयत्या येतात.

हे नीट ध्यानात ठेवून आता मेंदूच्या व्यायामांकडे वळू.

कार्यस्मृती ज्यांची मोठी, त्यांना वाचलेलं अधिक चांगलं समजतं, नव्या प्रश्नांची सोडवणूक अधिक चांगली जमते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मग साहजिक प्रश्न आला: तालमीत जसे दंड वाढतात तशी ही क्षमता वाढवता आली तर? सगळा विचारच धारदार होईल. स्वीडनचे टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी 2002 पासून चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी संगणकावरचे असे व्यायाम तयार केले. सगळ्यात गाजलेला व्यायाम मात्र ‘एन-बॅक’. 1958 मध्ये वेन कर्चनर यांनी तो चाचणी म्हणून वापरला होता. प्रकार सोपा आहे, करून पाहा. कुणाला तरी संथपणे अक्षरं वाचायला सांगा: क, म, र, म, ल, प, ल. आत्ताचं अक्षर दोन घरं मागच्या अक्षरासारखं असेल तर टाळी द्यायची. चौथ्या अक्षराला, म्हणजे दुसऱ्या ‘म’ला टाळी, आणि शेवटच्या ‘ल’ला टाळी. दोन घरांचं जमलं की तीन घरं मागे. तिथे बहुतेकांची दमछाक होते, कारण प्रत्येक नव्या अक्षरासरशी सगळी रांग एकेक घर पुढे सरकवावी लागते.

2008 मध्ये सुझान येगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की अक्षरं आणि चौकटीतल्या जागा असा दुहेरी एन-बॅक काही आठवडे केला तर नवे प्रश्न सोडवण्याची सर्वसाधारण बुद्धी वाढते, आणि जेवढा सराव जास्त तेवढी वाढ जास्त. बातमी जगभर गेली. ‘रोज पंधरा मिनिटं, मेंदू तल्लख’ असा बाजार उभा राहिला, आणि तो आता आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आला आहे.

मला या व्यायामांबद्दल आकस नाही. पण मुलाच्या फीमधून किंवा आजोबांच्या पेन्शनमधून ज्यासाठी पैसे जातात, त्याबद्दल खरं काय ते स्पष्ट सांगणं हे अशा पुस्तकाचं काम आहे. आणि खरं हे की तो दावा पुढच्या तपासणीत टिकला नाही.

थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तोच दुहेरी एन-बॅक वीस सत्रं करून घेतला. दुसऱ्या गटाला तेवढीच मेहनत लागणारा, पण कार्यस्मृतीशी संबंध नसलेला चित्रशोधाचा खेळ दिला. एन-बॅक करणारे एन-बॅकमध्ये खूप पुढे गेले. बुद्धीच्या इतर चाचण्यांत कुठलाच गट दुसऱ्याच्या पुढे गेला नाही. त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लेरव्हाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी 23 अभ्यास एकत्र तपासले. सरावाचा फायदा सरावासारख्याच कामांपुरता, तोही फार काळ न टिकणारा, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी 2010 मध्ये अ‍ॅड्रियन ओवेन यांनी बीबीसीच्या मदतीने 11,430 लोकांकडून सहा आठवडे असे खेळ करून घेतले होते. निष्कर्ष तोच. मेलबर्नच्या शाळांत कार्यस्मृती कमी असलेल्या 452 लहान मुलांची दोन वर्षं पाहणी झाली, तिचा निकाल 2016 मध्ये आला. संगणकावरच्या व्यायामाने त्यांचं वाचन, शुद्धलेखन किंवा गणित सुधारलं नाही. आणि त्याच 2016 च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘ल्युमॉसिटी’ हे मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला, पुराव्याविना दावे केल्याबद्दल, 20 लाख डॉलर भरायला लावले.

मग करणाऱ्यांना फरक जाणवतो तो का? यावर 2016 मधला एक प्रयोग फार बोलका आहे. सायरस फरोघी आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठात दोन प्रकारची पत्रकं लावली. एकावर मेंदूच्या व्यायामाने बुद्धी वाढते असं सुचवलेलं, दुसऱ्यावर नुसतंच ‘प्रयोगात भाग घ्या’. दोन्ही पत्रकं पाहून आलेल्यांनी एकच व्यायाम केला, तोही एक तास. दुसऱ्या दिवशी पहिल्या पत्रकावरून आलेल्यांचे बुद्ध्यंक पाच ते दहा गुणांनी वर, दुसऱ्यांचे जागच्या जागी. तासाभरात बुद्धी वाढत नाही. जो वाढवायला आला आहे तो अधिक जोर लावतो.

या सगळ्यातून ‘सराव फुकट’ असा अर्थ काढला तर ती उलटी चूक होईल. सराव अफाट काम करतो. तो कुठे काम करतो एवढाच प्रश्न आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी एका सामान्य विद्यार्थ्याला नियमितपणे आकड्यांच्या रांगा ऐकवल्या. सेकंदाला एक आकडा, मग तो क्रमाने म्हणून दाखवायचा. सुरुवातीला त्याला सातच जमत होते. वीस महिन्यांत, सुमारे 230 तासांच्या सरावानंतर, तो 79 आकडे म्हणू लागला! याला पाटी मोठी झाली म्हणायचं का? सराव चालू असतानाच त्याला आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली, आणि तो पुन्हा सहावर आला. झालं होतं ते असं: हा मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता. 3, 4, 9, 2 असे आकडे आले की तो ते ‘मैलाची वेळ, तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद’ असे धरायचा. धावण्याच्या वेळांचं मोठं भांडार त्याच्या दीर्घकालीन स्मृतीत आधीच होतं. आकडे तिथे जाऊन बसत होते. अक्षरांना तिथे जागा नव्हती.

बुद्धिबळातही हेच दिसतं. चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये दाखवलं की उस्ताद खेळाडू पाच सेकंद पट पाहून खऱ्या डावातल्या बऱ्याचशा सोंगट्या बरोबर जागी मांडतो, पण सोंगट्या अस्ताव्यस्त मांडल्या की त्याची मात्रा नवशिक्याहून फारशी चालत नाही.

आता आपल्याकडच्या पाढ्यांकडे पाहा, म्हणजे त्यामागचं शहाणपण कळेल. पंतोजींच्या शाळेपासून मुलं तीसपर्यंतचे पाढे तर म्हणतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणत. सवायकीत नवाला सव्वाअकरा, औटकीत साताला साडेचोवीस. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या जगात पाव, पाऊण, सव्वा, दीड हेच रोजचे आकडे होते. शाळेने बाजारातले नेमके तेच आकडे पाठ करून घेतले, म्हणजे भर बाजारात पाटी मोकळी राहायची. 1957 मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले, आणि अपूर्णांकांचे पाढे हळूहळू शाळेतून गेले. ते जाणं समजण्यासारखं आहे. पण त्यांच्याबरोबर ‘पाठांतर म्हणजे विचाराचा शत्रू’ ही समजूतही आली, ती मला अजिबात पटत नाही. जो पाढा आपसूक येतो, तो विचाराला जागा करून देतो. सात आठे छप्पन्न आठवायला ज्या मुलाला बोटं मोजावी लागतात, त्याची पाटी तिथेच भरते, आणि उदाहरणात विचारलंय काय हे समजायला जागाच उरत नाही.

तालुक्याच्या गावोगावी अबॅकसचे वर्ग निघाले आहेत, म्हणून वडोदऱ्याचा एक प्रयोग सांगायलाच हवा. डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 204 मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि तीन वर्षं पाठपुरावा केला. एका गटाला मनातल्या मण्यांची पद्धत, दुसऱ्याला तेवढाच जादा वेळ नेहमीचं गणित. मण्यांवाल्या मुलांचे बेरीज-वजाबाकी-गुणाकार खरोखर सुधारले. म्हणजे अबॅकसचा फायदा खोटा नाही. पण त्यांची कार्यस्मृती किंवा सर्वसाधारण बुद्धी वाढली नाही. ज्यांची चित्ररूप स्मृती सुरुवातीपासून बरी होती, त्यांना पद्धत अधिक साधली. तेव्हा आकडेमोड वेगाने यावी म्हणून मुलाला घातलंत तर उत्तम. इतिहास, भाषा, वागणं सगळं सुधारेल या आशेने घातलंत तर ती आशा या अभ्यासात फळलेली नाही.

2025 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास याहून खोल जातो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजीपाला, वस्तू विकणाऱ्या 1,436 मुलांना गाठलं. ही मुलं धंद्यावर किचकट हिशेब तोंडी, बिनचूक करत होती. तेवढाच अवघड किंवा त्याहून सोपा भागाकार वहीच्या भाषेत दिला की अडत होती. शाळेत जाणाऱ्या, बाजार न केलेल्या मुलांचं नेमकं उलट. कागदावरचं त्यांना बरं येत होतं, बाजारातलं येत नव्हतं. आठवडी बाजारात आई-बापाशेजारी बसून पावशेर मिरचीचे पैसे झटक्यात सांगणारी आणि सोमवारी वर्गात ‘ढ’ ठरणारी मुलं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांच्या डोक्यात गणित आहे. बाजारातून वहीकडे येणारी वाट मात्र आपोआप पडत नाही, ती कुणीतरी पाडून द्यावी लागते.

म्हणून रोजचा विचार धारदार करायचा तर माझा सल्ला आहे की दिवसाची ती पंधरा मिनिटं ज्या कामात तुम्हाला धार हवी त्याच कामाला द्या. हिशेबात हवी असेल तर अडत्याची हिशेबपट्टी हातात येण्याआधी रक्कम मनात अंदाजा, हमाली-तोलाई वजा करा, मग पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. पाव, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे नातवंडांबरोबर पुन्हा म्हणा. वाचनात हवी असेल तर बातमी किंवा धडा वाचून वर्तमानपत्र मिटा आणि घरच्या कुणाला तो आपल्या शब्दांत सांगा. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी दाखवलं आहे की धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवून काढणाऱ्यांना आठवड्याने कितीतरी जास्त आठवतं. सभेत बोलणं सुधारायचं असेल तर समोरच्याचं म्हणणं आधी एका वाक्यात परत सांगून मग आपलं मांडण्याची सवय लावा. यातल्या प्रत्येक गोष्टीत पाटीवर ताण येतो, आणि ताणातून जे साठतं ते त्या कामाचं ज्ञान असतं. वय झालेल्यांनाही हे लागू आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 2,832 लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, 2002 साली, ज्याला ज्या कौशल्याचा सराव दिला त्याचं तेच कौशल्य सुधारलं होतं.

दुसरा उपाय अगदी साधा, आणि कमीपणाचा वाटतो म्हणून टाळला जाणारा: लिहून काढा. पाटी लहान आहे तर कागदावर उतरवा. जागतिक आरोग्य संघटनेने आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात नवी दिल्लीही होती, भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी मोठ्याने वाचायची 19 कलमांची यादी लागू केली. रुग्ण बरोबर तोच ना, जागा बरोबर तीच ना, कापसाचे बोळे मोजले का, असलीच साधी कलमं. 2009 मध्ये निकाल आले तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलेलं होतं. तिथले डॉक्टर विसराळू नव्हते. गर्दीच्या क्षणी कुणाचीही पाटी भरते. फवारणीच्या औषधाचं प्रमाण, बँकेत न्यायचे कागद, आजारी आईच्या गोळ्यांच्या वेळा या गोष्टी डोक्यात ठेवण्यात कसला पराक्रम नाही.

आणि आता ज्याची मला खरी कळकळ वाटते ते.

पाटीवर आपण जे मुद्दाम लिहितो त्याखेरीज न सांगता येऊन बसणारी एक गोष्ट असते, चिंता. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी 2001 मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांची कार्यस्मृती गणित करतानाच आक्रसते. धास्ती स्वतःच जागा खाते. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी 2013 मध्ये हेच शेतकऱ्यांबाबत तपासलं. तमिळनाडूतले 464 ऊस उत्पादक, 54 गावं. ऊस जाण्याआधी हातात पैसा नसताना आणि ऊस गेल्यावर पैसा आल्यानंतर, त्याच माणसांना त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. तोच शेतकरी पैशाच्या ओढाताणीत असताना तर्काच्या प्रश्नांत आणि लक्ष एकाग्र करण्यात स्पष्टपणे मागे पडला. सगळ्या अभ्यासांत हे तसंच दिसलं असं नाही. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या 2016 च्या पाहणीत असा फरक आढळला नाही. पण पगाराची तारीख ठरलेली असते. पावसाची आणि भावाची नसते.

बुलढाणा हा 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. जूनमध्ये पीककर्जाचं नूतनीकरण, बियाणं, दुबार पेरणीची टांगती तलवार. सप्टेंबरात शेंगा भरताना पाऊस थांबेना, की येईना. मुलीची फी. या दिवसांत माणसाला विमा काढायचा की नाही, कुठलं बियाणं घ्यायचं, माल आत्ता विकायचा की थांबायचं हे वर्षातले सगळ्यात किचकट निर्णय घ्यावे लागतात, आणि त्याच दिवसांत त्याची पाटी आधीच भरलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, शेतकऱ्याला नियोजन जमत नाही. हे म्हणणं अन्यायाचं आहे. अशा घराला मेंदूचा व्यायाम सुचवणं तर त्याहून अन्यायाचं. त्याऐवजी एक पानी, मोठ्या अक्षरांतला अर्ज द्यावा. कर्जफेडीची मुदत मळणीनंतरची ठेवावी. बँकेत एका खेपेत काम होईल असं पाहावं. यानेही मनाची ताकद मोकळी होते, आणि ते करणं कार्यालयांच्या हातात आहे. घरातल्यांच्या हातातही एक गोष्ट आहे. मोठा निर्णय एकट्याच्या डोक्यात फिरत ठेवू नये. दोघा-तिघांनी बसून, कागदावर दोन बाजू लिहून, मोठ्याने बोलून घ्यावा.

शाळेतही ओझं बाहेरून हलकं करता येतं. सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे यांनी ब्रिटनमधल्या वर्गांत पाहिलं की कार्यस्मृती कमी असलेली मुलं सूचना अर्धीच पाळतात, कामात आपण कुठवर आलो ते विसरतात, आणि शिक्षकांना ती बेशिस्त किंवा दुर्लक्ष करणारी वाटतात. ‘गणिताची वही काढा, पान 42 उघडा, तिसरं आणि पाचवं उदाहरण सोडवा, झाल्यावर वही टेबलावर ठेवून रांगेत उभे राहा’ या एका दमात सहा कामं आहेत. ज्या मुलाच्या पाटीवर तीनच मावतात ते वही काढतं, पान उघडतं आणि इकडेतिकडे पाहू लागतं.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो गदारोळ झाला, तोही खरं तर याच ओझ्याचा होता. ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ असं वाचन पुस्तकात आलं, आणि समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांचा मुद्दा सोपा होता. मराठीत आपण सात आधी म्हणतो आणि दोन आधी लिहितो. लहान मुलाला ऐकलेलं धरून, उलटं करून मग लिहावं लागतं, वर जोडाक्षरांचा त्रास. जुनी नावं राहावीत असंच मलाही वाटतं, कारण सगळा बाजार आणि सगळे पाढे त्याच नावांत आहेत. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला ती उलटापालट जड जाते हे नाकारून चालणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांना किंवा बाईंना यावर वादात पडायची गरज नाही. पहिले काही महिने सत्तावीस म्हणताना फळ्यावर आधी 20 लिहावं, त्याशेजारी 7, मग 27. सूचना एका वेळी एकच द्यावी, उदाहरणांचे क्रमांक फळ्यावर राहू द्यावेत, आणि अडलेल्या मुलाला ‘लक्ष कुठंय’ न म्हणता ‘कुठवर आलास?’ असं विचारावं.